निम्मा आकडा

आईनं लेबलावरून तळहात फिरवला. कडेला एक सुरकुती राहिली होती, ती नखानं दाबून बसवली. वाटाण्याचा डबा आता दुकानातून आणल्यासारखाच दिसत होता. फरक एवढाच, की कॅलरीजचा आकडा निम्मा होता.

डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात तिचं कामच ते. डब्यात काय किती आहे ते तोलायचं, त्याच्या कॅलरीज काढायच्या, एका वेळी किती खावं ते ठरवायचं आणि लेबलावर छापायला द्यायचं. मालक म्हणायचे, "बाईंनी आकडा काढला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

पण लेकीनं अन्न टाकलं होतं. कॉलेजात जाणारी पोर वाळून नुसती काडी झाली होती. घरात शिजवलेलं काही पुढं ठेवलं, की ताट सरकवायची. "यावर आकडा कुठंय? पोटात किती गेलं ते कसं कळणार?" खायची ती फक्त डब्यातलं, तेही लेबल वाचून, जेमतेम पाव डबा. आईनं समजावलं, रागावली, पाया पडायचीच काय ती राहिली. शेवटी कारखान्यातल्या मशीनवर तिनं ही खोटी लेबलं काढली.

आणि डबे रिकामे होऊ लागले. लेक डबा घेऊन खोलीत जायची, दार लोटायची आणि थोड्या वेळानं रिकामा डबा विसळून ओट्यावर आणून ठेवायची. तो पाहिला, की आईच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं. ती पुन्हा कामं करताना गुणगुणू लागली. शेजारणीला म्हणालीसुद्धा, "लागली बाई पोरगी मार्गाला."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी लेकीला काट्यावर उभं केलं. वजन आणखी उतरलं होतं.

"तुमचा काटा बिघडलाय," आई म्हणाली. "अहो, अख्खा डबा संपवते ती आता."

आणि ती स्वतःच चपला काढून काट्यावर चढली. काटा ठीक होता.

"उतर, आई," लेक म्हणाली. "वाटाण्याचा खरा आकडा मला पाठ आहे. लहानपणी तूच घोकून घ्यायचीस माझ्याकडून, पाढ्यांसारखा. आकडा निम्मा झाला म्हणून डब्यातलं थोडंच निम्मं होतं? मी आधीइतकंच खाते. उरलेलं खिडकीखालच्या मांजरांना घालते."

आई काट्यावरून उतरलीच नाही. "मग बोलली का नाहीस गं मला?"

लेकीनं दोन्ही हात बाह्यांच्या आत ओढून घेतले.

"कशी बोलणार? किती दिवसांनी हसत होतीस तू."