चौदाव्या छबुबाई

मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या दुर्मीळ आजारावर आमचा आठ वर्षांपासून अभ्यास चालू आहे. रुग्ण चौदा. यंदा तपासणीला तेराच आले. छबुबाईंचा फोनही लागेना, म्हणून धास्तावतच मी घाटनांदूर गाठलं. त्या म्हशीची धार काढत होत्या.

“मावशी, आला नाहीत! आम्हाला वाटलं...”

“मेले वाटलं व्हय? अगं पोरी, बरी झालेली बाई दवाखान्यात कशाला येईल?”

“बरे झालेले आलेच नाहीत, तर औषध लागू पडलं हे कळायचं कसं?”

“मग लिही की, लई बरी हाय.”

“‘लई’ म्हणजे किती, ते मोजावं लागतं.” मी पकड मोजायचं यंत्र पुढे केलं.

हसत त्यांनी ते दाबलं.

उजव्या हाताची पकड : पहिल्या नोंदीत शून्य, आज बावीस किलो.