पाच मुलांतला जंतू

"पाळणाघराच्या मावशींचाच जंतू निघाला ना?" मी डॉक्टर मॅडमना विचारलं. जुलाबांमुळे माझ्या जुईला सलाईन लागून सहा दिवस झाले होते. तिथल्या आणखी चार मुलांना तसेच जुलाब होत होते. कुंदामावशींची तक्रार मीच केली होती, आणि पाळणाघराला कुलूपही लागलं होतं.

"एकाच जंतूचे कितीतरी प्रकार असतात," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचं जनुक प्रत्येक प्रकारात जरा वेगळं असतं. म्हणून तर सगळ्यांचे नमुने घेतले. मावशींच्या नमुन्यात जंतूच नाही. पाचही मुलांत जनुक तंतोतंत एक आहे. आणि तुमच्या नमुन्यातही तेच आहे."

"पण मला तर काहीच झालं नाही!"

"काहींना होत नाही, पण त्यांच्याकडून इतरांना होतं. तुम्ही मुलांना काही खायला दिलं होतंत का?"

दिलं होतं. जुईचा वाढदिवस होता. बाहेरचा केक नको, मावशींच्या हातचंही नको, म्हणून मी स्वतः रव्याचे लाडू वळले होते.

परतले तर जुईच्या खोलीच्या दाराबाहेर कुंदामावशी उभ्या. मी आत येऊ देत नव्हते, तरी त्या रोज यायच्या. "पेज आणलीय गं," त्यांनी डबा पुढे केला. "दोनदा हात धुऊन केलीय हो. तू भरव तिला."

मी डबा घेतला नाही. दार उघडून धरलं.

"तुम्हीच भरवा, मावशी," मी म्हणाले. "माझ्या हातचं नको."