देवकाबाईची परीक्षा

"डावा पाय, डावा! जेवते त्या हाताकडचा नाही वो, दुसरा!"

गोरेगावच्या धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या पांदणीवर हवालदार बकारामचा आवाज घुमला. फौज सोडून वर्षं लोटली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. पुढे त्याची बायको देवकाबाई लुगडं खोचून, कॅनव्हासचे बूट घालून चालत होती आणि चारदोन पावलांत तिचा ताल चुकत होता.

"दम लागून राहिला जी." ती मटकन बांधावर बसली. "तुमी पुढं चालून दाखवा, मंग मले जमते."

बकाराम कुरकुरत पुढे निघाला.

देवकाबाई जवळच्या जवानांच्या कॅम्पात स्वयंपाकीण म्हणून लागली होती. तिच्या कामाची चौकशी बकारामने आजवर कधी केली नव्हती. आता म्हणे साहेबांचा हुकूम निघाला होता, जवानांबरोबर आचारी, माळी, कारकून यांनीही धडधाकट राहायचं. रविवारी चालण्याची परीक्षा.

"नापास झाली त घरी बसवतीन मले," असं ती रडकुंडीला येऊन म्हणाली, तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यापायी दसऱ्यापासून खाट धरलेला बकाराम उठला. फौजेत कवायत शिकवलेल्या पीटी उस्तादाची बायको चालण्यात नापास! लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

सकाळचं धुकं पाहिलं की त्याला रेजिमेंटचं मैदान आठवे. रिक्रूटांच्या रांगा, तामचिनीच्या मगातला गोड चहा, आणि रांगेत त्याच्या शेजारी उभं राहून तेव्हाच्या उस्तादाला हळूच शिव्या घालणारा त्याचा दोस्त नंदलाल. नंदलाल आता नव्हता. त्याची आठवण आली की बकाराम जास्तच जोरात ओरडे.

"नंदलालभाऊ बी असेच चुकत का जी?" देवकाबाई मुद्दाम विचारी.

"तो? तो त तुझ्याहून बैताड!"

मग गोष्ट सुरू होई, आणि बोलता बोलता दोघं पार नाल्यापर्यंत पोचत. फौज सुटल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी बकाराम तिच्यासोबत कॅम्पच्या फाटकापर्यंत गेला. "भिऊ नको. श्वास नाकानं घे," त्याने बजावलं. ती मान हलवून आत गेली. न राहवून बकाराम तिथल्या साहेबांजवळ गेला.

"बाई जरा कच्ची आहे, साहेब. परीक्षेत सांभाळून घ्या."

"परीक्षा? कसली परीक्षा?" साहेबांनी विचारलं. मग हसत त्यांनी त्याला मैदानाकडे नेलं.

तिथे आचारी, माळी, कारकून घोळक्याने उभे होते. एका बाजूला पिकल्या केसांचे काही माजी सैनिकही होते. "सावधान! उस्तादबाई आल्या!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे धावत रांगेत ताठ झाले.

समोर गळ्यात शिट्टी अडकवून देवकाबाई उभी होती, आणि लग्नापासून नवऱ्याचं नाव कधी ओठांवर न आणलेल्या त्या बाईने खणखणीत आवाजात हाक दिली, "हवालदार बकाराम! रांगेत या!"