शेपटीवरच्या रेघा

१९४४च्या ऑगस्टमध्ये आमच्या रुमानियाने बाजू बदलली. तीन वर्षं जर्मनांच्या बाजूने रशियनांशी लढलो, आता रशियनांच्या बाजूने जर्मनांशी. विमानं तीच, वैमानिक तेच. मी मेकॅनिक; वैमानिकाने पाडलेल्या प्रत्येक विमानाची एक रेघ त्याच्या विमानाच्या शेपटीवर रंगवायचो. ऑगस्टपर्यंत कॅप्टन ड्रागोमिरांच्या चौदा होत्या, चौदाही रशियन. रशियन जनरल तळ बघायला येणार म्हणून मलाच त्या बुजवाव्या लागल्या. गेल्या आठवड्यातल्या दोन जर्मनांच्या तेवढ्या ठेवल्या.

जनरल शेपटीपाशी थांबला आणि खो खो हसला. आमच्या दुभाष्याने कॅप्टनना सांगितलं, "साहेब म्हणतायत, तीन वर्षांत आमचं एकही पाडता आलं नाही तुला? असू दे. आता आमच्याबरोबर उड, हात बसेल."

कॅप्टनचे कान लाल झाले. "त्यांना सांग, माझा हात त्यांच्याच विमानांवर बसलाय."

दुभाष्या रशियनमध्ये काहीतरी बोलला. जनरलचे डोळे पाणावले. त्याने कॅप्टनना कडकडून मिठी मारली.

जनरलची गाडी गेल्यावर मी दुभाष्याला गाठलं. "काय सांगितलंस रे त्याला?"

"सांगितलं, हा तुम्हाला गुरू मानतो."