सासूसासऱ्यांचा तह

सासरे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सासूबाई राज्यशास्त्राच्या. देशातलं जुनं यादवी युद्ध पैशामुळे पेटलं की खुर्चीपायी, यावर जेवताना दोघांची रोज जुंपायची.

"अगं, पोट भरलेला माणूस बंदूक उचलत नाही."

"मान्य. पण उपाशी माणसाच्या हातात ती देतं कोण, ते सांगा की."

भांडणाच्या नादात दोघंही दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

मागच्या आठवड्यात मात्र अघटित घडलं. दोघांचं एकमत झालं: कारणं दोन्ही, आणि अगदी सारखीच. तेव्हापासून घर चिडीचूप. दोघं पाहुण्यांसारखे समोरासमोर बसत, चार घास चिवडत आणि उठून जात. सूनबाईच्या जिवाला घोर लागला.

आज वाढता वाढता ती सहज म्हणाली, "मला तर वाटतं, युद्ध उन्हाळ्यामुळे झालं. माणसांची डोकी तापली होती."

"काहीतरीच काय बोलतेस, बस इथे," दोघं एकदमच म्हणाले. तिला समजावता समजावता त्यांची पुन्हा आपसात जुंपली, आणि भांडं कधी रिकामं झालं ते कुणाला कळलंही नाही.

उद्यासाठी तिने ग्रहदशा राखून ठेवली आहे.