बर्फाचं कव्हर

आमच्या रॉकच्या ग्रुपवर दर रविवारी एका नव्या अल्बमला दहापैकी मार्क देतात. सहाच्या वर कधी कोणी जात नाही. या रविवारी मी आमच्याच बँडचा, दोन वर्षं खपून केलेला पहिला अल्बम टाकला. बँडचं नाव इंग्रजी, कव्हरवर बर्फाचा डोंगर. आपला आहे हे मुद्दामच सांगितलं नाही.

दुपारपर्यंत सगळ्यांचे नऊ-नऊ आले. मिनलनं लिहिलं, "ड्रम ऐकले का? आपल्याकडे असे कोणाले जमतच नाही." पलाशला गायक नॉर्वेचा वाटला. "थंडीतला गळा वेगळाच राहते गा!"

मला राहवेना. लिहून टाकलं, "ड्रम मी वाजवले. हिंगण्याच्या टिनाच्या शेडमध्ये, भर मे महिन्यात. अन् गायक म्हणजे आपला सुगत, ज्याच्यासोबत तुम्ही तर्री-पोहे खाता."

 मग चाळीस मिनिटांचा अल्बम सगळ्यांनी पाच मिनिटांत पुन्हा ऐकला. मिनलला ड्रममध्ये टिन वाजताना ऐकू आलं, तिचे पाच झाले. पलाशला सुगतच्या गळ्यात सर्दी ऐकू आली, त्याचे साडेचार.

फक्त अंकुशचे नऊ जागचे हलले नाहीत. मी लगेच त्याला फोन लावला. "भाऊ, ग्रुपमध्ये कान असलेला माणूस तू एकटाच!"


"ऐकतो ना गा आज संध्याकाळी," तो म्हणाला. "सगळे नऊ देऊन राहिले होते, म्हणून मीही देऊन टाकले."