किनाऱ्यावरचा मुक्काम

"सही करून टाक. वाचत काय बसलीस?" शेजूळ सर म्हणाले.

सुगंधा वाचतच राहिली. अहवालाच्या शेवटच्या पानावर टाइप केलेलं होतं, की 'मी डिसेंबर ते फेब्रुवारी कोकण किनाऱ्यावर राहून समुद्री कासवांच्या घरट्यांची पाहणी केली.' खाली सह्यांसाठी दोन रेघा. वरच्या रेघेवर तिच्या वर्गातल्या बद्रीनाथनं सही ठोकून दिली होती. त्याला वाळूजच्या एका औषध कंपनीत चिकटायचं होतं. प्रमाणपत्र हातात पडलं की झालं; त्यात कासव असो की खेकडा, त्याला काय त्याचं.

सुगंधानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना तीन महिने समुद्रावर ठेवून संशोधन शिकवायचं, अशी मुंबईच्या एका संस्थेची योजना. कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रमुख असलेल्या शेजूळ सरांनी ती औरंगाबादला आणली, पेपरात स्वतःचा फोटो छापून आणला, आणि डिसेंबरात सांगितलं की आधी परीक्षा होऊ द्या. फेब्रुवारीत त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. मधल्या जानेवारीत तर बोलायलाच नको. विद्यापीठाचं नाव बदललं, चौकाचौकांत पोलीस. सोळा वर्षं नामांतराच्या नावानं नाक मुरडणाऱ्या सरांनी नव्या नावाचा रबरी शिक्का मात्र सगळ्यांच्या आधी करून घेतला. तीन महिने या दोघांनी प्रयोगशाळेतल्या बरण्या धुतल्या.

तिकडं गंगापूरजवळच्या वस्तीवर मेंढरं राखणारी तिची माय बानाबाई सांगत सुटली होती, की माझी पोरगी समुद्राच्या कासवाची अंडी राखती. सुगंधानं मायला खरं सांगितलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, म्हणत तीही वाट बघत राहिली होती. या प्रमाणपत्रावर मुंबईला पुढच्या संशोधनाची जागा मिळणार होती. सही केली की मिळणार होती.

तिनं मागची पानं चाळली. 'चौदा जानेवारी. भरतीच्या रेषेपासून वीस पावलांवर घरटं. अंडी एकशे बारा. निरीक्षक : सुगंधा.' चौदा जानेवारीला ती वसतिगृहात होती. फाटकाला कुलूप होतं, आणि मुलींनी बाहेर पाऊल टाकू नये म्हणून सांगायला सर स्वतः आले होते.

समोरच्या खुर्चीत मुंबईहून तपासणीला आलेले साहेब चहा पीत होते. खांद्यावर नुकतीच मिळालेली हिमरू शाल. त्यांना वेरूळ बघायचं होतं, खाली गाडी उभी होती. त्यांनी अहवाल सुगंधाच्या हातातून घेतला आणि फोटोचं पान काढलं. फोटोत शेजूळ सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काळा चष्मा लावून पाण्याच्या कडेला उभे, आणि पायाशी एक कासव. साहेब "वा" म्हणाले. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी सुगंधाला विचारलं, समुद्र कसा वाटला.

तिच्या आधी सरच बोलायला लागले, की पोरगी खेड्यातली आहे, लाजते. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं.

"पाणी गोड होतं, सर," सुगंधा म्हणाली.

"समुद्राचं?"

"हर्सूलच्या तळ्याचं. हा फोटो तिथलाच हाय. समुद्राच्या कासवाला अशी बोटं नसतात, वल्ह्यासारखे पाय असतात. आम्ही समुद्रावर गेलोच नाय."

बद्रीनाथ आपल्या बुटांकडं बघू लागला. सर हसले, पण हसू गालातच अडकलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि या वेळी फोटो नीट पाहिला. कासवाच्या पायांवर त्यांची नजर थांबली. त्यांना कळलं होतं. तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सुगंधाला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करणार.

साहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. वेरूळ इथून किती लांब, असं त्यांनी सरांना विचारलं, आणि उत्तर ऐकता ऐकता खिशातून पेन काढून 'काम समाधानकारक' असा शेरा मारला. दारातून बाहेर पडताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी फोटो जरा बघून लावा."

सुगंधानं ते ऐकलं. गेली दोन वर्षं ती या माणसांसमोर मान खाली घालून उभी राहिली होती. त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांना, त्यांच्या इंग्रजीला भ्यायली होती. ती भीती आता शोधूनही सापडेना. पायाखाली काहीतरी बुळबुळीत यावं तशी नुसती शिसारी आली.

साहेबांना गाडीत बसवून सर परत आले. कानशिलं लाल झालेली. त्यांनी टेबलाच्या खणातून दोन प्रमाणपत्रं काढली, एक बद्रीनाथच्या हातात दिलं आणि दुसरं तिच्यासमोर उभं फाडलं.

"जा आता गावाकडं," ते म्हणाले. "मेंढरं राख. तुमच्यानं तेवढंच व्हायचं."

सुगंधानं पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"राखीन की," ती म्हणाली. "पण सर, मेंढरं राखायला निदान मेंढरं तरी असावी लागतात."